नोटरीवर विकलेला ट्रक अजून तुमचाच आहे

या वेळचे पत्र कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावातल्या एका ताईंचे आहे. यजमान 44 वर्षांचे, त्या स्वतः 40 वर्षांच्या, मुलगी यंदा दहावीत. यजमान स्वतःच्या दहाटायरी ट्रकवर स्वतःच ड्रायव्हर म्हणून बसतात आणि शिरोलीच्या फौंड्र्यांचे कास्टिंग घेऊन बंगळूर, चेन्नई अशा फेऱ्या करतात. ताई एका ट्रान्सपोर्ट कार्यालयात महिना 24,000 रुपयांवर हिशेब लिहितात आणि शाळेला सुट्टी असली की कधीकधी केबिनमध्ये बसून बंगळूरपर्यंत जाऊनही येतात. दोघांनाही बुलेटचा नाद आहे. पंधरा-सोळा जणांचा त्यांचा ग्रुप रविवारी पहाटे आंबोलीला किंवा गगनबावड्याला जातो आणि दर नोव्हेंबरला वागातोरच्या बुलेटवाल्यांच्या मेळाव्याला हजेरी लावतो. पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे:

“आमच्याकडे साडेसात लाख रुपये जमले आहेत. पुढच्या जूनमध्ये ग्रुपबरोबर लडाखला जायचे ठरते आहे, त्यासाठी दोघांना दोन 650 सीसीच्या गाड्या घ्याव्यात असे मनात आहे. यजमान म्हणतात की त्यापेक्षा हे पैसे भरून नवीन बाराटायरी काढू, महिन्याला सत्तर-ऐंशी हजार कुठे जात नाहीत. ग्रुपमधलेच एक विमा एजंट म्हणतात की वर्षाला एक लाख असे दहा वर्षे भरा, पंधराव्या वर्षी 16 लाख हमखास मिळतील. यांपैकी काय करावे? आमच्यावर फार कर्ज नाही. एका ट्रकचा महिना 34,000 चा हप्ता आहे, तो अजून सव्वा वर्ष आहे. दुसरी जुनी गाडी गेल्या दिवाळीत ग्रुपमधल्याच एका मित्राला विकली. त्याने चार लाख रोख दिले आणि राहिलेले 27,000 चे हप्ते तोच भरतो. कर्ज फिटेपर्यंत कागद आमच्या नावावर राहतील अशी नोटरी केली आहे, आरटीओच्या फॉर्मवर सह्याही करून दिल्या आहेत. मधे त्याचे भाडे अडकले होते म्हणून दोन हप्ते आम्ही भरले. विमाही तोच भरणार आहे. माणूस भावासारखा आहे.”

ताई, तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मी खाली दिली आहेत, आणि ती फार मोठी नाहीत. ज्या व्यवहाराविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही, आणि जो पत्राच्या शेवटच्या चार-पाच ओळींत सहज सांगून टाकला आहे, त्याविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागणार आहे. कारण तो व्यवहार मिटेपर्यंत तुमच्याकडे साडेसात लाख रुपये आहेत हेच मुळात खरे नाही.

दिवाळीत तुम्ही गाडी विकली असे तुम्ही म्हणता. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ती विकली गेलेली नाही. कायदा मालक म्हणून ओळखतो तो आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, नाव असलेल्या माणसाला. गाडी दुसऱ्याला दिल्यावर चौदा दिवसांच्या आत ते नोंदणी कार्यालयाला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे, आणि गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या संमतीशिवाय नाव बदलता येत नाही. नोटरीने केलेला कागद हा तुमच्या आणि मित्राच्या आपसातल्या बोलण्याचा पुरावा आहे, यापलीकडे त्याला मोल नाही. रस्त्यावर ज्याला धक्का बसला त्या माणसाला, त्याच्या कुटुंबाला, मोटार अपघात न्यायाधिकरणाला किंवा कर्जकंपनीला त्या कागदाशी काहीही देणेघेणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नेमक्या अशाच प्रकरणाचा निकाल दिला. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती, आणि 2009 साली तिने अपघात केला. गाडीचा विमा नव्हता. आपण ती केव्हाच विकली होती हे पहिल्या मालकाचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. भरपाई त्याच्यावरच बसली. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीतला शेवटचा माणूस शोधत हिंडावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते, आणि मला ते पूर्णपणे रास्त वाटते.

ही भरपाई किती असू शकते याचा अंदाज तुम्हाला नसावा, म्हणून एक ठोकळ हिशेब मांडतो. समजा, शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा 34 वर्षांचा माणूस मोटारसायकलवरून घरी परतताना तुमच्या त्या गाडीखाली आला. त्याचे महिन्याचे उत्पन्न 25,000 रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाख. पुढे उत्पन्न वाढले असते म्हणून चाळिशीच्या आतल्या अशा माणसासाठी त्यात 40 टक्के वाढ धरतात, ते झाले चार लाख वीस हजार. घरात बायको, दोन मुले आणि आई असे चारजण त्याच्यावर अवलंबून असतील, तर त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करतात, उरले तीन लाख पंधरा हजार. 34 या वयाला 16 ने गुणतात. झाले पन्नास लाख. त्यावर अंत्यविधी वगैरेंची ठरलेली रक्कम आणि अर्ज केल्यापासूनचे व्याज वेगळे. ही काही मी भीती घालण्यासाठी फुगवलेली रक्कम नाही. देशभरातली मोटार अपघात न्यायाधिकरणे याच पद्धतीने गणित करतात, आणि गाडीखाली आलेला माणूस जरा बऱ्या पगाराचा असला की आकडा कोटीच्या दिशेने जातो.

विमा चालू असेल, तर ही रक्कम विमा कंपनी भरते. तृतीय पक्षाच्या, म्हणजे रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या, मृत्यूसाठी किंवा जखमेसाठी तिच्या देण्याला कमाल मर्यादा नसते. म्हणजे उचगावातल्या तुमच्या घराचे भवितव्य ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे त्या पॉलिसीची मुदत. आणि तिच्याविषयी तुमच्या पत्रात “विमाही तोच भरणार आहे” एवढे एकच वाक्य आहे. ‘भरणार आहे’ म्हणजे भरलेला नाही असाही अर्थ निघतो, हे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. ज्याच्याकडे 27,000 रुपयांच्या हप्त्याला दोनदा पैसे नव्हते, त्याच्याकडे केवळ तृतीय पक्षाच्या विम्याचे चाळीस हजारांहून अधिक रुपये एका दिवसात उभे राहतील असे तुम्ही कशाच्या आधारावर धरून चालला आहात? हे उत्तर पुढे वाचण्याआधी फोनवर एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडा, त्या गाडीचा क्रमांक घाला आणि विम्याची, पासिंगची आणि पीयूसीची मुदत पाहा. विमा संपलेला असेल, तर मित्राने भरण्याची वाट न पाहता तो आजच स्वतःच्या पैशाने भरा आणि गाडी असेल तिथे उभी करायला सांगा. नंतर मित्राकडून ते पैसे मिळतील किंवा मिळणार नाहीत. या घडीला तो प्रश्न दुय्यम आहे.

विमा चालू असला म्हणजे सगळे मिटले असेही नाही. गाडीवर बसलेल्या ड्रायव्हरचा परवाना संपलेला असेल किंवा गाडीचे परमिट नसेल, तर विमा कंपनीला अपघातग्रस्ताला पैसे द्यायला लावून ते नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये देतात, आणि तो मालक पुन्हा तुमचे यजमानच. सध्या त्या गाडीवर कोण बसतो हे तुम्हाला माहीत आहे का? मित्र स्वतः चालवत असेल असे मला वाटत नाही. गाडीचे स्वतःचे नुकसान झाले, ती उलटली किंवा जळाली, आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या हाती तो नोटरीचा कागद पडला, तर गाडी विकून टाकलेल्या माणसाचे तिच्यात कसले हित, असे म्हणून नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आयते निमित्त मिळेल. कर्ज मात्र जसेच्या तसे राहील. जादा माल भरला तर वीस हजार रुपये आणि वरच्या दर टनाला दोन हजार असा दंड आहे, त्याचे चलन यजमानांच्या नावाने येणार. फास्टॅगही बहुधा अजून तुमच्याच खात्याला जोडलेला असेल.

फॉर्मवर सह्या करून दिल्या आहेत, असे तुम्ही समाधानाने लिहिले आहे. कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे निम्मे व्यवहार असेच होतात याची मला कल्पना आहे, आणि ज्याच्याशी व्यवहार केला त्याच्याकडे एकदा 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या दिल्या की आपण सुटलो, अशी समजूतही सर्रास आहे. कंपनीचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा 35 नंबरचा फॉर्म हाती नसताना त्या सह्यांनी नाव बदलत नाही. त्या सह्यांच्या जोरावर तुमचा मित्र उद्या हीच गाडी तुम्ही कधी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाला दुसऱ्या नोटरीवर देऊ मात्र शकतो. वर सांगितलेल्या खटल्यात नेमके हेच झाले होते. ते फॉर्म परत मागा.

आता कर्जाकडे येऊ. तुम्ही म्हणता की तुमच्यावर फार कर्ज नाही. जुन्या गाडीचे 30 हप्ते बाकी आहेत असे मी तुमच्या तपशिलावरून धरतो; म्हणजे एकूण आठ लाख दहा हजार रुपये भरायचे आहेत, आणि तेरा टक्क्यांच्या आसपासचा व्याजदर धरला तर ते कर्ज आज एकरकमी फेडायला सुमारे सहा लाख नव्वद हजार लागतील. हे कर्ज मित्राचे नाही. करारावर यजमानांची सही आहे, हप्ता चुकला तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, यजमानांचेच नाव खराब होते, आणि कंपनीला न विचारता गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यामुळे करार मोडण्याचा दोषही त्यांच्याकडेच जातो. म्हणजे तुम्ही मित्राला गाडी विकली नाही. जवळजवळ सात लाख रुपये कर्जाने दिले, तेही गाडीच्या कागदाखेरीज दुसरे तारण न घेता, स्वतःसाठी व्याज न घेता, आणि वर अपघाताची जोखीम स्वतःकडे ठेवून. सात महिन्यांत सातपैकी दोन हप्ते त्याला जमले नाहीत. कोणत्याही फायनान्स कंपनीच्या वसुली विभागाने हे खाते केव्हाच लाल शाईने लिहिले असते.

तुमच्याजवळच्या साडेसात लाखांपैकी चार लाख हे त्याच मित्राने दिलेले रोख पैसे आहेत, हेही विसरू नका. व्यवहार फिसकटला, आणि तो फिसकटण्याची चिन्हे मला दिसत आहेत, तर त्यातली बहुतेक रक्कम तो परत मागेल आणि त्याची मागणी अगदीच चुकीची नसेल. तेव्हा ते चार लाख वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि नाव बदलेपर्यंत ते आपले नाहीत असे समजा.

यातून बाहेर पडायचे मार्ग दोनच आहेत आणि दोन्हींसाठी मी तुम्हाला साठ दिवस देतो. पहिला मार्ग हा की मित्राने त्या गाडीवर स्वतःच्या नावाने जुन्या वाहनाचे कर्ज काढावे, त्या पैशातून तुमचे कर्ज बंद व्हावे, ना-हरकत पत्र मिळावे, आणि मग आरसी, परमिट आणि विमा तिन्ही त्याच्या नावावर व्हावेत. हे जमले तर उत्तम. त्याने भरलेल्या पाच हप्त्यांचा आणि तुम्ही भरलेल्या दोन हप्त्यांचा हिशेब एका कागदावर मांडून मिटवता येईल, आणि तुम्हाला थोडे सोडावे लागले तरी सोडा. त्याला कोणतीही कंपनी कर्ज द्यायला तयार नसेल, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे: माणसाची ऐपत पाहून पैसे देणे हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांपैकी एकानेही जे दिले नाही ते तुम्ही मैत्रीत देऊन बसला आहात. मग दुसरा मार्ग उरतो. गाडी परत घ्यायची, त्याने वापरलेल्या महिन्यांचे वाजवी भाडे कापून उरलेले पैसे त्याला परत द्यायचे, आणि स्वतःचे कर्ज काढू शकणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला ती रीतसर विकायची. सव्वाबारा लाखांचा व्यवहार ठरला होता. घाईत विकताना लाखभर कमी आले तरी मला त्याचे दुःख होणार नाही.

आणखी एक मार्ग तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगतो. जवळचे साडेसात लाख घालून कर्ज आपणच बंद करू, गाडी मित्राच्या नावावर करू आणि तो आपल्याला दरमहा देत राहील, असा विचार करू नका. त्याने अपघाताची जोखीम जाईल हे खरे, पण सात लाखांचे उधार तसेच राहील आणि त्याला गाडीचेही तारण उरणार नाही.

हे सगळे मित्राला सांगणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. रविवारी पहाटे ज्याच्याबरोबर आंबोलीच्या घाटात चहा प्यायचा, त्याच्याकडे आरसीचा विषय काढणे कोल्हापुरात तरी अपमानासारखे वाटते. “भावा, माझ्यावर विश्वास नाही का” हे वाक्य ठरलेलेच आहे. पण अपघाताची भरपाई भरावी लागण्याची शक्यता त्याच्या विश्वासूपणावर अवलंबून नाही, ती त्याच्या ड्रायव्हरच्या झोपेवर अवलंबून आहे. हे त्याला अशाच शब्दांत सांगा. तोही गाडीवालाच आहे, त्याला कळेल. बोलणे ग्रुपसमोर मात्र करू नका, आणि यजमानांनी एकट्याने न करता दोघांनी मिळून करा. हिशेब तुम्हाला अधिक कळतो, हे पत्रावरूनच दिसते.

आता तुमचे प्रश्न.

बाराटायरीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून सध्याची गाडी महिन्याला साधारण सात हजार किलोमीटर धावते आणि भाडे दोन लाख ऐंशी हजार येते. लिटरला चार किलोमीटरचा ॲव्हरेज धरून डिझेल एक लाख अठ्ठावन्न हजार, टोल तीस हजार, हमाली-वराई, भत्ता आणि वाटेतला खर्च वीस हजार. हातात उरतात 72,000, आणि यालाच यजमान कमाई म्हणतात. पण टायर काय फुकट येतात? दहा टायरांचे दोन लाख धरले आणि मधे रिमोल्ड करून चालवले, तरी महिन्याला चौदा हजार टायरांचे झाले. विमा साडेसहा हजार. ऑइल, पाटे, क्लच, ब्रेक यांचे आठ हजार. पासिंग, परमिट, कर यांचे तीन हजार. उरले चाळीस हजार. 22 लाखांना घेतलेली गाडी आठ वर्षांनी सात-साडेसात लाखांची होणार, म्हणजे महिन्याला पंधरा हजारांनी ती झिजते आहे. ते बाजूला टाकले तर पंचवीस हजार राहतात. आणि एवढाच पगार तुम्हाला बाहेरच्या ड्रायव्हरला द्यावा लागला असता. म्हणजे कर्जाचे व्याज अजून मोजलेलेच नाही, आणि धंद्याचा नफा शून्यावर आला. यजमान मालक म्हणून कमावत नाहीत, ते स्वतःच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहेत. तुम्ही आकड्यांत दाखवलेली टायरवाल्याकडची नव्वद हजारांची उधारी कशी साठली, याचे कोडे तुम्हाला पडले असेल तर त्याचे उत्तर हेच आहे.

दुसऱ्या गाडीवर यजमान बसू शकत नाहीत. तिला ड्रायव्हर ठेवावा लागेल, आणि नवी गाडी तर 36 लाखांच्या कर्जाला साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी महिना 77,000 चा हप्ता मागेल. बाराटायरीचे भाडे थोडे जास्त येते, तसे डिझेल आणि टोलही जास्त लागतात. सप्टेंबर 2025 मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आल्यापासून डीलर लोक ‘आता नाही तर कधी’ असे सांगत फिरत आहेत. गाडी स्वस्त झाली म्हणून भाडे वाढत नाही. उलट त्याच कारणाने शेजारचे चार जण गाड्या काढतात आणि भाडे पडते. परतीच्या मालाची बंगळूरला दोन-दोन दिवस वाट पाहणाऱ्या माणसाने हे मला सांगायला हवे होते. उत्तर नाही.

एजंटच्या योजनेला मी याहून कमी जागा देईन. दहा वर्षे एकेक लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी 16 लाख घ्यायचे, यात ‘साठ टक्के फायदा’ असे तो म्हणाला असेल. वर्षाचा हिशेब केला तर हा परतावा साडेचार टक्के होतो. तेरा टक्क्यांनी कर्ज फेडणाऱ्या माणसाला साडेचार टक्क्यांनी पैसे गुंतवायला सांगणारा माणूस तुमच्या ग्रुपमध्ये आहे. त्याच्याबरोबर गाडी चालवा, त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका. याच प्रकारच्या तीन जुन्या पॉलिसी तुमच्या गळ्यात आधीच आहेत. वर्षाला 62,000 भरून तिन्हींचे मिळून विमा संरक्षण नऊ लाखांचे आहे, आणि दोन्ही गाड्यांचे कर्ज आजच साडेअकरा लाखांच्या घरात आहे. यजमान रात्रीच्या रस्त्यावर असतात, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर असतात, आणि त्यांचे काही बरेवाईट झाले तर विम्याच्या पैशातून कर्जसुद्धा फिटत नाही. ट्रकच्या विम्यात मालक-ड्रायव्हरचा 15 लाखांचा अपघाती विमा आहे तेवढाच काय तो आधार, आणि तो आजारपणातल्या मृत्यूला लागू नाही.

यजमानांचा एक कोटींचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) काढा. व्यवसायामुळे हप्ता थोडा चढा लावतील, तरी तो तीस-पस्तीस हजारांच्या आसपास असावा, आणि वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी आता उठलेला आहे. अर्जात ट्रक चालवतो हे आणि डोंगरात मोटारसायकल चालवतो हे दोन्ही स्पष्ट लिहा; एजंटाने ‘ट्रान्सपोर्ट व्यवसाय’ असे मोघम लिहू दिले तर फॉर्म फाडून दुसरा भरा. ही पॉलिसी हातात पडल्यावरच, त्याआधी नाही, जुन्या तिन्ही पॉलिसींचे हप्ते थांबवून त्या पेड-अप करून घ्या. दहा-अकरा वर्षे भरलेले पैसे बुडणार नाहीत, मुदतीला मिळतील, आणि वाचलेल्या 62,000 मधून नवा हप्ता भरूनही पैसे उरतील.

राहिल्या मोटारसायकली. तुमच्या नादाविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. वर्षाला साठ-सत्तर हजार रुपये पेट्रोल, मेळावे आणि मिसळीवर जातात असे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि महिन्यातले वीस दिवस वेगवेगळ्या गावी झोपणाऱ्या नवरा-बायकोला एकत्र घालवायला मिळालेला वेळ म्हणून ती रक्कम मला जास्त वाटत नाही. मी स्वतः स्कूटरच्या पुढे कधी गेलो नाही, त्यामुळे 350 आणि 650 मधला फरक कळण्याची माझी लायकी नाही. पण किमतीतला फरक कळतो. सप्टेंबर 2025 मध्येच 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर 18 टक्क्यांवर उतरला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा 40 वर गेला. दोन 650 रस्त्यावर यायला आठ लाखांच्या आसपास लागतील, जॅकेट, हेल्मेट आणि लडाखचा खर्च निराळा. तुमच्याकडे असलेल्या दोन्ही 350 चालू स्थितीत आहेत, आणि लडाखला 350 घेऊन जाणारे लोक दरवर्षी सुखरूप परत येतात.

तेव्हा साडेसात लाखांची वाटणी अशी होते. चार लाख मित्राच्या व्यवहारापोटी बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. नव्वद हजार टायरवाल्याला याच आठवड्यात, कारण उधारीवर टायर घेणाऱ्याला तो भाव लावतो आणि तुम्हाला घासाघीस करता येत नाही. उरलेल्या दोन लाख साठ हजारांतून मित्राने हप्ते थांबवले तर दोन्ही गाड्यांचे हप्ते चार महिने निघतील, म्हणून ते बचत खात्यातच राहू द्या. सव्वा वर्षाने पहिल्या गाडीचा हप्ता संपला की महिना 34,000 मोकळे होतील. त्यातले चौदा हजार टायरांच्या नावाने दरमहा वेगळ्या खात्यात टाका, दहा हजार मुलीच्या शिक्षणासाठी, आणि उरलेल्या दहा हजारांतून तुम्हा दोघांपैकी एकासाठी मोठी गाडी घेता येईल. कोणासाठी, ते तुम्ही ठरवा.

वागातोर तुमच्यापासून आंबोलीमार्गे जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आहे. नोव्हेंबरला जुन्याच गाड्यांवर जा. साठ दिवसांची मुदत त्याआधीच संपलेली असेल. नव्या नावाच्या आरसीची प्रत तुमच्या हाती आली, की लडाखच्या खर्चाचा अंदाज मला लिहून पाठवा.